झाडावरची आमरी : बांडगूळ नव्हे, बिनभाड्याची पाहुणी

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



धानाचे पऱ्हे, रोवणी, खोडकिडा, युरियाचा हप्ता हे आपले नेहमीचे विषय. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्या धुऱ्यावरच्या मोहावर, परसातल्या जुन्या आंब्यावर आणि गावाशेजारच्या जंगलात कोणी न लावता, कोणी पाणी न देता एक वनस्पती वाढते. पुस्तकात तिला आमरी म्हणतात. इंग्रजी नाव ऑर्किड. शहरातल्या फुलांच्या दुकानात काचेआड ठेवलेली जांभळी, टिकाऊ फुलं आपण लग्नाच्या मांडवात पाहिली असतील. ती लागवडीची, बाहेरून आलेल्या जातींच्या संकराची फुलं. पण त्याच कुळातल्या, अस्सल आपल्या मातीतल्या जाती आपल्या भंडारा जिल्ह्याच्या झाडीत आहेत. त्यांची ओळख करून घ्यायची आणि त्या आपल्याच कुऱ्हाडीखाली कशा जातात तेही पाहायचं, असा आजचा बेत आहे.

कुऱ्हाडीखाली असं का म्हणालो? आंब्यावरचं बांडगूळ काढा, असा सल्ला कृषी खातं पुष्कळ वर्षांपासून देत आलं आहे आणि तो सल्ला बरोबरच आहे. पण झाडावर चढलेला माणूस बांडगुळाबरोबर शेजारची आमरीही उपटून खाली टाकतो. त्याच्या लेखी झाडावर उगवलेलं सगळंच बांडगूळ, सगळाच बांदा. चोर आणि पाहुणा एकाच काठीने हाकलला जातो. म्हणून आधी फरक समजून घेऊ.

चोर कोण, पाहुणा कोण?

पहिलं बांडगूळ. याचं झुडूप होतं. फांद्या लाकडी, पानं जाड आणि पुष्कळ. फुलं लांबट नळीसारखी, केशरी-तांबूस. फळ लहान, आतला गर चिकट. फुलटोच्या नावाचा अगदी लहान पक्षी हे फळ खातो. चिकट बी त्याच्या अंगातून सहज सुटत नाही, म्हणून तो ते फांदीवर घासून टाकतो आणि तिथंच बी रुजतं. बांडगुळाची शोषक मुळं सालीतून थेट लाकडात घुसतात आणि झाडाने जमिनीतून ओढलेलं पाणी व क्षार वरच्या वर घेतात. काही वेळा फांदीवरून सरपटणाऱ्या तपकिरी, लाकडी मुळ्या दिसतात. त्याही जागोजागी फांदीत शिरलेल्या असतात. जिथे बांडगूळ बसलं तिथे फांदीला गाठ येते आणि गाठीच्या पुढची फांदी बारीक होत जाऊन वाळते.

दुसरी अमरवेल. नाव आमरीच्या जवळचं, पण नातं काही नाही. पिवळ्या दोऱ्यांचा गुंता, पान नाही, जमिनीत मूळ नाही. बोरीवर, कुंपणावर पसरते. हीसुद्धा चोरच. दुसऱ्याच्या जिवावर जगते.

तिसरी आमरी. हिला लाकडी फांद्या नसतात. पानं बहुधा पट्ट्यासारखी, चामड्यासारखी जाड, दोन ओळींत समोरासमोर लागलेली. मुळं जाड, पांढुरकी, बोटभर लांबीपासून हातभर लांबीपर्यंत. ती सालीवर नुसती चिकटलेली असतात किंवा हवेत लोंबत असतात. साल फोडून आत जात नाहीत. फांदीला गाठ नाही, पुढचा शेंडा वाळलेला नाही. झाडाचा एक थेंब रस ती घेत नाही. तिला हवी असते फक्त बसायला जागा. घराच्या ओसरीवर पाहुणा पथारी टाकतो, स्वयंपाकघरात शिरत नाही, तसं आहे हे.

ओळखायला सर्वांत सोपा काळ म्हणजे मोहाची पानं गळतात तो. झाड उघडं पडतं आणि वर जे हिरवं राहतं ते स्पष्ट दिसतं. पांढुरकी मुळं दिसली तर कुऱ्हाड खाली ठेवा.

ती मग जगते कशावर?

आता तुम्ही म्हणाल, साहेब, जमिनीत मूळ नाही, झाडाचा रस नाही, आणि आपल्याकडचा मे महिना माणसाला सोसत नाही. मग ही हिरवी कशी राहते?

तिच्या मुळांभोवती मेलेल्या पेशींचं पांढरं, स्पंजासारखं वेष्टण असतं. पाऊस, दव, खोडावरून ओघळणारं पाणी ते झटकन टिपून घेतं. कोरडं मूळ पांढुरकं दिसतं, भिजलं की हिरवट होतं. पाऊस पडून गेल्यावर एकदा जवळून पाहा. सालीच्या भेगांत साचलेला कचरा, धूळ, पक्ष्यांची विष्ठा, एवढ्यावर तिचं खत भागतं. शिवाय वंडासारख्या जाती दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतात आणि रात्री थंडाव्यात उघडतात. त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. कोरडवाहू शेतकऱ्यासारखाच हिशोबी संसार आहे तिचा.

आपल्या बाजूच्या जाती

जगात आमरीच्या सुमारे २८,००० जाती आहेत. फुलझाडांच्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी हे एक कूळ. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली भारतातल्या १,२५६ जातींची यादी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ३८८ जाती भारताबाहेर कुठेच आढळत नाहीत. महाराष्ट्रात शंभराहून अधिक जाती आहेत, पण त्यांचा मोठा भाग सह्याद्रीत आणि कोकणात. फादर सांतापाव आणि कपाडिया यांचा मुंबई इलाख्यातल्या आमरींवरचा ग्रंथ १९६६ साली निघाला, त्यातही भर पश्चिमेकडच्या डोंगरांवरच. आपली झाडीपट्टी त्या मानाने उपेक्षित राहिली. इथे पाऊस चार महिने, मग लांबलचक कोरडा काळ. म्हणून जातींची संख्या कमी. पण ज्या आहेत त्या काटक आहेत.

मध्य भारताच्या पानगळीच्या जंगलात, म्हणजे आपल्या आंबागडच्या टेकड्या, गायखुरीचे डोंगर, कोका आणि नागझिऱ्याच्या बाजूचं रान अशा ठिकाणी शोधण्यासारख्या काही जाती सांगतो.

पहिली वंडा. मोह, आंबा, ऐन अशा झाडांवर ही सर्वांत जास्त दिसते. पानं लांब, मधोमध दुमडलेली, टोक उंदराने कुरतडल्यासारखं. उन्हाळ्याच्या दिवसांत फुलते. पाकळ्या पिवळसर-हिरवट, त्यावर तपकिरी रेघांची जाळी आणि मधली ओठासारखी पाकळी निळसर-जांभळी. वासही छान. 'वंडा' हे जगभर चालणारं शास्त्रीय नाव मुळात आपलं आहे, बरं का. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला संस्कृतात 'वंदा' म्हणत. त्यावरून अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी ते नाव घेतलं. आपण ज्याला बांदा म्हणून तोडून टाकतो त्याचंच नाव जग मानाने घेतं.

दुसरी अकॅम्पे. हिची पानं वंडापेक्षा जाड व ताठ, मुळं दोरखंडासारखी. फुलं लहान, पिवळी, त्यावर तांबूस आडवे पट्टे, एकत्र गुच्छाने.

आता जमिनीवरच्या आमरी. होय, सगळ्या आमरी झाडावर नसतात. कित्येक जाती जमिनीत कंद धरून बसतात, आठ महिने दिसतच नाहीत आणि पावसात वर येतात. हॅबेनारिया ही त्यांपैकी एक. एका जातीची तीन-चार पानं जमिनीला चिकटून पसरतात आणि मधून दांडा निघून भाद्रपदाच्या सुमारास पांढरी फुलं येतात. प्रत्येक फुलामागे शेपटीसारखी मधाची नळी असते. दुसऱ्या एका जातीची फुलं पिवळी असतात आणि तिच्या पानाला फिकट पिवळी कड असते.

नर्व्हिलियाची रीत न्यारी. मृगाच्या पावसाबरोबर आधी नुसतं फूल येतं, फूल गेल्यावर मग पान. तेही एकच, हृदयाच्या आकाराचं, जमिनीलगत. फूल आणि पान एकमेकांना भेटत नाहीत. जिओडोरमचा फुलांचा तुरा मान खाली घालून उभा राहतो आणि फळ धरलं की दांडा ताठ होतो. युलोफिया उन्हाळ्याच्या शेवटी, पानं यायच्या आधी, सुक्या रानात एकदम तुरा काढते. तिच्याच काही जातींच्या कंदाला अमरकंद म्हणतात.

आणि एक अगदी लहान जात आहे, झ्यूक्झाइन. वितीपेक्षा कमी उंचीची, बारीक पानांची, हिवाळ्यात पांढरी-पिवळी इवली फुलं येणारी. ओल्या गवतात, तलावाच्या काठी, पाणथळ कडेला ही वाढते. बोडीच्या पाळीवर आणि धान निघालेल्या बांधीच्या ओल्या कडेला बसून पाहा. उभ्याने दिसायची नाही.

एक रोप म्हणजे किती वर्षं?

आमरीचं बी धुळीसारखं असतं. एका फळात हजारोंनी, काही जातींत लाखांनी. वाऱ्याबरोबर दूर जातं. मग रोपं एवढी कमी का? कारण त्या बियाला शिदोरी नसते. धानाच्या दाण्यात अंकुराला पुरेल एवढा पिठाचा साठा असतो. आमरीच्या बियात तो जवळजवळ नाहीच. सालीवर किंवा मातीत विशिष्ट बुरशी भेटली, तिने अन्न पुरवलं, तरच ते रुजतं. फ्रान्समधल्या नोएल बर्नार्ड या शास्त्रज्ञाने १८९९ साली ही गोष्ट शोधून काढली. पुढे १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी काचपात्रात साखर व क्षार घालून बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं आणि फुलांचा व्यापार त्यावर उभा राहिला. पण रानात अजूनही बुरशीचाच आधार. म्हणून लाखो बियांतून एखादं रोप लागतं आणि त्याला पहिलं फूल यायला वर्षं जातात. आपण मोहावरचा मोठा झुबका एका हिसक्यात ओढतो, तेव्हा कित्येक वर्षांचं काम खाली येतं.

फायदा काय?

हा प्रश्न येणारच आणि तो विचारावा. खरं सांगायचं तर वंडा धुऱ्यावर ठेवली म्हणून या हंगामात कोणाच्या हातात चार पैसे पडणार नाहीत. कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण तीन गोष्टी लक्षात घ्या.

एक. आमरी टिकून असणं म्हणजे जुनी झाडं, झाडावरची बुरशी, भुंगे-माशा आणि रानातली ओल टिकून असणं. मोहफुलं, टोळी, चारोळी, तेंदूपान यांवर आपल्या कित्येक घरांचे उन्हाळ्याचे महिने निघतात. तेही त्याच रानावर अवलंबून आहेत.

दोन. रानटी जातीचा गुण कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. धानाचंच उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशातल्या एका रानटी धानात गवती खुजेपणा या विषाणू रोगाला दाद न देण्याचा गुण सापडला. तो संकराने आणला आणि १९७६ साली आलेल्या 'आय. आर. ३६' या वाणात गेला. हा वाण लाखो हेक्टरांवर पेरला गेला. ते रानटी धान निरुपयोगी तण म्हणून संपलं असतं तर? आपल्या वंडाचाही फुलशेतीच्या संकरांत उपयोग झाला आहे. व्हॅनिला आइस्क्रीमला वास देणारी शेंगसुद्धा एका आमरीचीच.

तीन. एकदा गेलेली जात विकत आणता येत नाही.

तीन संकटं आणि त्यांवर उपाय

पहिलं, अंदाजे तोडणं. बांडगूळ काढायचंच आहे, पण ओळखून. फळ धरण्याआधी काढा. नुसतं वरवर छाटू नका, ते पुन्हा फुटतं. गाठीच्या खाली वीत-दीड वीत अंतरावर निरोगी भागात फांदी करवतीने कापा. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवा, मग दोन्ही एकत्र ढवळा. भांडं मातीचं किंवा प्लास्टिकचं घ्या, लोखंडी नको. तयार मलमात लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला. हे मलम आमरीच्या मुळांवर लागू देऊ नका. मोरचूद बुरशी मारतं आणि बुरशी हाच तिचा आधार आहे.

दुसरं, आग. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची रीत आहे. ती आग रानात शिरते, युलोफियाचे नुकते वर येणारे कोंब जाळते आणि बुंध्यालगतच्या आमरी भाजून काढते. मोहाची कोवळी रोपंही त्यातच जातात. त्याऐवजी पाला झाडून ढीग करा आणि नाडेप टाकीत किंवा खड्ड्यात टाका. धानाच्या बांधीला खत होईल. झाडाखाली जुनी लुगडी, चादरी किंवा जाळी अंथरली तर फुलं स्वच्छ मिळतात आणि वेचायचे कष्टही वाचतात. घरातल्या बाया पहाटेपासून वाकून वेचतात, त्यांच्या कमरेचा विचार करूनही हे करण्यासारखं आहे.

तिसरं, उपटून विकणं. अमरकंदाला औषधी म्हणून मागणी असते. वंडाच्या मुळ्याही काही भागांत 'रास्ना' म्हणून विकल्या जातात, खरं तर रास्ना या नावाने निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती चालतात. कंद उपटला की रोप गेलं. व्यापारी पोत्याने मागतो आणि रान एका हंगामात रिकामं होतं. पोत्यामागे पोतं भरून देऊ नका. घरच्या औषधासाठी कोणी जाणकार एखादा कंद घेतच असेल, तर बी उडून गेल्यावर घ्यावा आणि नवीन कंद जमिनीत राहू द्यावा.

कायद्याचंही सांगतो. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून विनापरवाना काहीही काढणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कोका, नागझिरा ही आपली अभयारण्यं त्यात येतात. सर्व आमरींच्या परदेश व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये बंधनं आहेत. भारत त्या करारात १९७६ पासून आहे.

झाड पडलं तर काय करावं?

वादळात मोहाची फांदी मोडते, आपल्या मालकीचा जुना आंबा वाळतो. अशा वेळी त्यावरची आमरी जळणात जाऊ देऊ नका. तिला दुसरीकडे बसवता येतं. रीत सोपी आहे.

शक्य असेल तर सालीच्या तुकड्यासकट काढा, मुळं ओढून तोडू नका. खडबडीत सालीचं जिवंत झाड निवडा. आंबा, मोह चांगले. सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी सावली राहील अशी बाजू पाहा. मुळं सालीला टेकवून सुती कापडाच्या पट्टीने किंवा काथ्याच्या दोरीने बांधा. तार नको, खिळा नको. माती, शेण, खत काही लावू नका, मुळं कुजतात. हे काम पहिला चांगला पाऊस झाल्यावर करावं. पावसाने उघडीप दिली तर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी पाणी शिंपडावं. मुळांनी साल धरली की पट्टी सोडून टाकावी. हे फक्त आपल्या झाडावरच्या, पडलेल्या आमरीसाठी सांगतो आहे. रानातून उपटून अंगणात आणण्यासाठी नव्हे.

गावाने काय करावं?

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ नोंदवह्यांत मोह, तेंदू, हिरडा, बेहडा यांची नावं येतात, आमरी सुटून जाते. ती लिहून घ्या. कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात फुलते, गावात तिला काय म्हणतात, एवढं पुरे. गुराखी, मोहफुलं वेचणाऱ्या बाया, रानात फिरणारी वयस्कर माणसं यांना जे ठाऊक आहे ते कृषी पदवीच्या पुस्तकात नाही. शाळेतल्या मुलांना हे काम द्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा. फोटो काढावा, फूल तोडू नये.

ज्यांना फुलशेती म्हणून आमरी लावायची इच्छा आहे त्यांना एक सूचना. तो धंदा वेगळा. त्याला शेडनेट, ओलावा, प्रयोगशाळेतली रोपं आणि हमखास बाजार लागतो. आपला उन्हाळा पाहता खर्चाचा नीट हिशोब केल्याशिवाय त्यात पडू नका. रानातली आमरी आणून तो धंदा होत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. लाकडी फांद्या, फांदीला गाठ, पुढचा शेंडा वाळलेला : बांडगूळ, कापा.
२. पिवळे दोरे, पान नाही : अमरवेल, काढा.
३. पांढुरकी मुळं सालीवर चिकटलेली, पानं दोन ओळींत : आमरी, राहू द्या.
४. मोहाखाली आग लावू नका. पाला खताला, फुलं कापडावर.
५. कंद पोत्याने विकू नका.
६. पडलेल्या झाडावरची आमरी पावसाच्या सुरुवातीला दुसऱ्या झाडाला बांधा.
७. गावच्या नोंदवहीत आमरीची नोंद करा.

बंधू-भगिनींनो, मोह, आंबा ही आपल्या वाडवडिलांनी राखलेली झाडं. त्यांनी झाड राखलं म्हणून त्यावरचा हा पाहुणाही राहिला. यंदा बांडगूळ काढायला झाडावर चढाल तेव्हा कुऱ्हाड उगारण्याआधी क्षणभर मुळं पाहा, एवढीच विनंती. आपल्या भागात कोणत्या आमरी दिसल्या ते कृषी सहायकाला किंवा कार्यक्रमाला पत्राने जरूर कळवा.

नमस्कार.